पट्टीच ताणली, तर मोजायचं कशानं?

14 सप्टेंबर 2015, सोमवार. भारतीय वेळेनुसार दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं झाली होती. पुढच्या मिनिटातल्या एका क्षणी, डोळ्याचं पातं लवावं तेवढ्या वेळात, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव ताणलं गेलं, आकसलं, पुन्हा ताणलं गेलं. घरं, विहिरी, उभं सोयाबीन, रस्त्यावरची माणसं, माणसांच्या अंगातली हाडं, सगळंच. वर्ष दुष्काळाचं होतं. लोकांची नजर आभाळाकडे होती ती ढगांसाठी. कुणाला काही जाणवलं नाही, भांड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. साताऱ्यातलं सेवागिरी महाराजांचं पुसेगावही त्याच वेळी ताणलं गेलं होतं, कारण ती लाट अख्ख्या पृथ्वीतून आरपार गेली होती.

आज हे ठामपणे सांगता येतं, कारण त्याच वेळी अमेरिकेत दोन ठिकाणी, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आणि लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनला, ‘लायगो’ नावाच्या यंत्रांत प्रकाशाच्या मदतीनं ती लाट मोजली गेली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत शेवटी एक झाली होती. एकाचं वस्तुमान 36 सूर्यांएवढं, दुसऱ्याचं 29 सूर्यांएवढं. बेरीज 65 व्हायला हवी होती, पण एकत्र झालेलं कृष्णविवर भरलं 62 सूर्यांचं. उरलेले तीन सूर्य लाटेच्या रूपानं विश्वात पसरले. तसलं तिसरं यंत्र, लायगो-इंडिया, आता हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात उभं राहणार आहे.

जिल्ह्यात या प्रकल्पाबद्दल बोलणं होतं ते जमिनीचं, रस्त्यांचं, नोकऱ्यांचं. ते व्हायलाच हवं. पण यंत्र चालतं कसं हा त्याहून रसाळ विषय मागे राहतो. त्यात पहिल्याच पायरीवर एक कोडं आहे, शाळेतलं पोरही विचारील असं. सगळंच ताणलं गेलं असेल, तर मोजायची पट्टीही ताणली गेलीच ना? मग लांबी वाढली हे कळणार कसं?

लाट कशाची?

न्यूटनच्या हिशोबात गुरुत्वाकर्षण ही एक ओढ आहे. पृथ्वी आंब्याला ओढते, सूर्य पृथ्वीला ओढतो. आइन्स्टाइननं 1915 मध्ये वेगळं चित्र मांडलं. वस्तुमान आपल्या आजूबाजूच्या अवकाशाला आणि काळाला वाकवतं, आणि त्या वाकलेल्या अवकाशातून सरळ जाणारी वस्तू आपल्याला ओढली गेल्यासारखी दिसते. हे एकदा मान्य केलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. जड वस्तू जोरानं हलल्या, तर तो वाक जिथल्या तिथे राहील का? 1916 मध्ये आइन्स्टाइननंच उत्तर दिलं: राहणार नाही. तो लाटेसारखा बाहेर पसरेल, प्रकाशाच्या वेगानं. याच गुरुत्वीय लहरी.

या लाटेचा स्वभाव चमत्कारिक आहे. समजा ती डोक्यावरून सरळ खाली आली. तर पूर्व-पश्चिम अंतर किंचित वाढतं आणि त्याच वेळी दक्षिण-उत्तर अंतर किंचित घटतं. दुसऱ्या क्षणी उलटं होतं. एक दिशा ताणायची, काटकोनातली दुसरी दाबायची, हाच तिचा खेळ, आणि यंत्राची सगळी रचना या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

अडचण आहे ती आकाराची. 2015 ची ती लाट पृथ्वीवर पोचली तेव्हा दर मीटरमागे बदल होता एका मीटरच्या एकावर एकवीस शून्यं एवढ्या भागाइतका. आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून असं पाहा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या अंतरात या लाटेनं जो फरक पडेल, तो माणसाच्या बारीक केसाच्या जाडीइतका. आणि आपल्याकडे मोजायला आहे चार किलोमीटरची नळी! तिच्यात पडणारा फरक अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनच्या व्यासाचा काहीशेवा भाग. आइन्स्टाइनला स्वतःलाच या लहरी कधी पकडता येतील असं वाटत नव्हतं.

दोन रस्ते आणि एक घड्याळ

आता कोड्याकडे येऊ. हिंगोलीचं एसटी स्थानक डोळ्यांसमोर आणा. तिथून दोन सरळसोट रस्ते निघतात, एक पूर्वेला आणि एक उत्तरेला. दोन्ही रस्त्यांवर अगदी सारख्या अंतरावर वळसा घ्यायची जागा आहे. स्थानकाच्या घड्याळाप्रमाणे दर मिनिटाला दोन गाड्या एकदम सुटतात, एक या रस्त्यानं, एक त्या रस्त्यानं. सगळ्या गाड्यांचा वेग कायम एकच. रस्ते सारखे असतील तर जोडीच्या गाड्या परत स्थानकात एकदमच शिरतील. एके दिवशी पूर्वेची गाडी जरा उशिरा आली आणि उत्तरेची जरा लवकर, तर वाहतूक नियंत्रकाला टेप घेऊन रस्ता मोजायला जावं लागत नाही. खुर्चीत बसल्या जागी त्याला कळतं की एक रस्ता लांबला आणि दुसरा आखूड झाला.

लायगोमध्ये स्थानकाच्या जागी एक अर्धपारदर्शक काच आहे. लेसरचा किरण तिच्यावर पडला की निम्मा प्रकाश आरपार जातो, निम्मा काटकोनात वळतो. दोन रस्ते म्हणजे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या मांडलेल्या. वळसा घ्यायच्या जागी आरसे. गाड्या म्हणजे प्रकाशलाटेचे उंचवटे. दोन्हीकडून परतलेला प्रकाश त्याच काचेवर पुन्हा एकत्र येतो. रचना अशी जुळवलेली असते की एका बाजूच्या लाटेचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूच्या लाटेचा खड्डा नेमके एकमेकांवर यावेत. दोघं एकमेकांना पुसून टाकतात आणि बाहेरच्या तोंडाशी जवळपास अंधार राहतो. एका नळीची लांबी तसूभर बदलली तरी हा मेळ बिघडतो आणि अंधारात उजेड झिरपतो. मोजायचा असतो तो हा झिरपलेला उजेड. या जातीच्या यंत्राला इंटरफेरोमीटर म्हणतात. 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी अशाच रचनेनं प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखाच भरतो हे दाखवलं होतं.

आता खरा आक्षेप. रस्ता ताणला त्या क्षणी जी एसटी रस्त्यावर होती, तीही ताणली गेलीच की! हो, गेली. नळीतल्या प्रकाशलाटेचं तेच होतं. पण स्थानकातून पुढच्या गाड्या सुटायच्या थांबत नाहीत. त्या नव्या कोऱ्या असतात, आपल्या नेहमीच्या मापाच्या असतात, घड्याळाप्रमाणे सुटतात आणि त्याच वेगानं लांबलेला रस्ता कापतात. त्यांना उशीर होणारच. गुरुत्वीय लाटेचा एक हेलकावा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास चालतो. प्रकाशाला नळीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सेकंदाच्या लाखाव्या भागाहून थोडाच जास्त वेळ लागतो. त्यामुळे नळीत सतत ताजा प्रकाश येत राहतो आणि जुना निघून जातो. आपण प्रकाशाला पट्टी समजतो म्हणून कोडं पडतं. इथे प्रकाश निरोप्याचं काम करतो आणि मोजली जाते ती त्याची परतायची वेळ. पट्टी ताणली तर फसवणूक होते. घड्याळाला ती बाधा पोचत नाही, कारण लेसर आहे तिथेच बसून आपल्या ठेक्यात लाटा सोडत असतो.

या यंत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

चार किलोमीटर कमी पडतात म्हणून प्रत्येक नळीत सुरुवातीच्या बाजूलाही एक आरसा बसवलेला असतो. प्रकाश त्या दोन आरशांमध्ये सुमारे 300 वेळा परावर्तित होतो आणि मगच बाहेर पडतो. चार किलोमीटरची नळी मग 1200 किलोमीटरचं काम देते.

आरशाची काच

लायगोचे फोटो पाहिले की लांबलचक नळ्या नजरेत भरतात. पण यंत्राचा जीव आहे नळ्यांच्या टोकांना टांगलेल्या चार आरशांत. हे आरसे घरच्या आरशासारखे पाठीमागून चांदी लावलेले नसतात. ते अतिशुद्ध सिलिकाच्या काचेचे जाडजूड ठोकळे असतात. व्यास 34 सेंटिमीटर, जाडी 20 सेंटिमीटर, वजन 40 किलो. वाळूत असतं ते सिलिका. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट घेऊन येणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या तारेतही हीच काच असते. पण आरशासाठी ती निवडली आहे दोन वेगळ्या गुणांसाठी.

पहिला गुण, ती प्रकाश जवळजवळ पीतच नाही. लायगोच्या आरशावर पडलेल्या तीस लाख प्रकाशकणांपैकी एखादाच शोषला जातो. एवढं शुद्ध कशाला हवं? हिशोब करा. लेसरचा प्रकाश आरशांमध्ये साठत साठत शेकडो किलोवॉटपर्यंत पोचतो. चारशे किलोवॉटमधला तीस लाखावा भाग म्हणजे पाव वॉटही नाही. तरी तेवढ्यानं आरशाचा मध्य किंचित तापतो. काच तापली की तिच्यातून प्रकाश जाण्याचा वेग बदलतो, आणि मध्यभागी एक नको असलेलं भिंग तयार होतं. किरणाचा आकार बिघडतो, दोन बाजूंचा प्रकाश एकमेकांना नीट पुसत नाही. उपाय म्हणून आरशाच्या कडेभोवती तापणारं कडं बसवतात, म्हणजे मध्याची आणि कडेची उष्णता जुळून येते. पाव वॉटसाठी एवढा खटाटोप!

दुसरा गुण म्हणजे नाद. सिलिकाच्या स्वच्छ ठोकळ्याला टिचकी मारली तर त्याचा नाद फार वेळ घुमत राहतो. आपल्याला याचं काय? कुठलीही वस्तू गरम असते, अगदी खोलीच्या तापमानालाही, आणि तिचे अणू सतत थरथरत असतात. आरशाचा पृष्ठभाग त्यामुळे सदोदित हलतो, आणि हे हलणं मोजायच्या बदलापेक्षा मोठं ठरू शकतं. पण ज्या पदार्थाचा नाद टिकतो, त्याची ही थरथर त्याच्या ठरलेल्या सुरांमध्ये गोळा होते आणि बाकीच्या जागा शांत राहतात. शास्त्रज्ञ त्या शांत जागांमध्ये कान देतात. आरसा टांगायलाही म्हणूनच पोलादी तार चालत नाही. 40 किलोचा आरसा काचेच्या चार धाग्यांवर टांगतात, प्रत्येकाची जाडी सुमारे 0.4 मिलिमीटर. काच ठिसूळ असते हा आपला अनुभव खरा आहे, पण तो ओरखडा पडलेल्या काचेचा. ओरखडा नसलेला ताजा सिलिका धागा पोलादालाही मागे टाकतो. त्याला बोट मात्र लागता कामा नये.

आता लेप. काच पारदर्शक असते. तिनं प्रकाश परतवावा म्हणून तिच्यावर दोन पदार्थांचे पातळ थर आलटून पालटून चढवतात, एक सिलिकाचा, एक टँटलम धातूच्या ऑक्साइडचा. प्रत्येक थर प्रकाशलाटेच्या लांबीच्या साधारण पाव भागाच्या हिशोबानं बसवलेला. प्रत्येक थरावरून थोडासा प्रकाश परततो, आणि जाडी अशी निवडलेली असते की सगळे परतलेले तुकडे एका ठेक्यात येऊन एकमेकांना बळ देतात. हे काम फ्रान्समधल्या लिऑन इथल्या प्रयोगशाळेत झालं. गंमत अशी की ठोकळा 20 सेंटिमीटर जाड आणि लेप जेमतेम काही मायक्रॉन, पण मधल्या पट्ट्यातल्या सुरांवर यंत्राची मर्यादा ठरते ती मुख्यतः या लेपाच्या थरथरीनं. लेपाच्या पदार्थाचा नाद काचेइतका टिकत नाही, एवढंच कारण. जगभरच्या पदार्थशास्त्रज्ञांचं लक्ष आज या काही मायक्रॉनांवर आहे. माझ्या मते पुढची मोठी उडी इथूनच येईल.

कुणी विचारील, आरसा तर अणूंचा बनलेला, आणि मोजायचा बदल अणूपेक्षा कितीतरी लहान. मग ‘आरशाचा पृष्ठभाग’ या शब्दाला अर्थ काय राहिला? किरण आरशावर सुईच्या टोकाएवढा पडत नाही. त्याचा डाग 12 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. त्याखालच्या अब्जावधी अब्ज अणूंची सरासरी जागा प्रकाश एकदम वाचतो, आणि सरासरी ही कुठल्याही एका अणूपेक्षा फार स्थिर असते.

तेच प्रकाशाच्या बाबतीत. प्रकाश कणांनी येतो, आणि पावसाचे थेंब दर सेकंदाला मोजून सारखेच पडत नाहीत तसे प्रकाशकणही. कण जितके जास्त, तितकी त्यांची गणती टक्केवारीनं अचूक. म्हणून लेसर जोरकस हवा. पण जोरकस प्रकाश आरशाला ढकलतो, आणि तो धक्काही कमीजास्त होत राहतो. म्हणून आरसा जड हवा. या ओढाताणीतून वाट काढायला ‘पिळलेला प्रकाश’ वापरतात. प्रकाशलाटेतली पुंजयामिकीची अनिश्चितता एका बाजूला दाबून दुसऱ्या, बिनमहत्त्वाच्या बाजूला ढकलायची, असं ते तंत्र आहे. 2019 पासून दोन्ही अमेरिकी यंत्रांत ते नियमानं चालू आहे.

शांतता कशी मिळवतात

एवढ्या नाजूक यंत्राला सगळं जग म्हणजे गोंगाट. हवेपासून सुरुवात करू. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते, कारण गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळ्या वेगानं जातो. नळीत हवा असती तर प्रकाशाच्या वेळेत असाच गोंधळ झाला असता. म्हणून नळीत निर्वात. आत राहतो तो बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतका दाब. लायगोच्या नळ्यांतली 10,000 घनमीटर हवा काढायला 40 दिवस लागले होते. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची गोलाईसुद्धा मीटरभर आड येते, प्रकाश मात्र सरळच जातो. म्हणून जमिनीच्या उताराकडे न पाहता नळी प्रकाशाच्या रेषेत बसवावी लागते.

मग जमीन. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. दोरीच्या टोकाला जड कुलूप बांधा, दुसरं टोक हातात धरा. हात सावकाश हलवला तर कुलूप मागे-मागे येतं. हात भराभर थरथरवला तर कुलूप जागचं हलत नाही. लायगोचा आरसा असा एकाखाली एक चार लोलकांच्या शेवटी टांगलेला असतो, आणि तो सगळा डोलारा ज्या पाटावर उभा असतो, तो पाटही जमिनीचा हेलकावा ओळखून उलट दिशेला स्वतः हलत राहतो.

तरी उणं राहतंच. लिव्हिंग्स्टनला जवळच्या जंगलातली झाडतोड जाणवते, मेक्सिकोच्या आखातातल्या लाटांचा मारा जाणवतो. हॅनफर्डला एकदा एक विचित्र खडखड नोंदीत येऊ लागली. शोध घेतला तर बाहेरच्या नळावर जमलेलं बर्फ डोमकावळे चोचीनं टोकरत होते. वाळवंटी मुलखातले तहानलेले कावळे, तिथे त्यांना पाणी सापडलं होतं! नळावर आवरण घालून तो प्रश्न सोडवला.

एका गोंगाटावर मात्र आवरण नाही, तो खुद्द गुरुत्वाकर्षणाचा. जमिनीतून कंप जातो तेव्हा माती-खडक क्षणभर कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, आणि त्यांची आरशावरची ओढ तेवढ्यापुरती बदलते. ही ओढ कुठलीही भिंत अडवू शकत नाही. उपाय एकच, जागाच शांत निवडायची.

हिंगोलीच का?

एका यंत्राला लाट कुठून आली ते कळत नाही. त्याला दुर्बिणीसारखी एका दिशेला रोखता येत नाही, ते चहूबाजूंचं ऐकतं. दिशा कळते ती दोन ठिकाणी लाट पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून. 2015 ची लाट लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि सुमारे 7 मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. तेवढ्यावरून आकाशातला जो पट्टा ठरला, तो सुमारे 600 चौरस अंशांचा होता, म्हणजे पूर्ण चंद्राच्या हजारो पट. खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बीण वळवायची तरी कुठे?

17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लाट आली. तेव्हा इटलीतलं व्हर्गो हे यंत्रही चालू होतं. तिघांच्या साक्षीनं पट्टा 28 चौरस अंशांवर आला आणि काही तासांत दुर्बिणींना तो स्फोट एका दीर्घिकेत सापडला, 13 कोटी प्रकाशवर्षांवर. लाटेमागून जेमतेम पावणेदोन सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरणही पृथ्वीवर पोचले. 13 कोटी वर्षं धावून पावणेदोन सेकंदांचा फरक! गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगानं जातात याचा याहून चोख पुरावा मागायचा तरी कसा?

साक्षीदार एकमेकांपासून जितके दूर, तितकी दिशा नेमकी. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेला भारत इथे कामाला येतो. अमेरिकेनं हॅनफर्डला बसवायच्या दुसऱ्या यंत्राचे भाग बाजूला काढून ठेवले होते. ते आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते. पैशाअभावी 2011 मध्ये ऑस्ट्रेलियानं नकार दिला. भारतात जागा, इमारती, निर्वात नळ्या आणि उभारणी भारताची, लेसर आणि आरशांसारखे मुख्य भाग अमेरिकेचे, असं ठरलं. 11 फेब्रुवारी 2016 रोजी पहिल्या लाटेची घोषणा झाली आणि सहाच दिवसांनी, 17 फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतर सात वर्षं गेली. मला हा वेळ फार वाटतो. पूर्ण मंजुरी एप्रिल 2023 मध्ये मिळाली.

*चौकट: लायगो-इंडिया*
*जागा: दुधाळा शिवार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली.*
*रचना: काटकोनातल्या दोन नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर.*
*मंजूर खर्च: सुमारे 2,600 कोटी रुपये.*
*जाहीर उद्दिष्ट: 2030 पर्यंत उभारणी.*
*संस्था: आयुका (पुणे), राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (इंदूर), प्लाझ्मा संशोधन संस्था (गांधीनगर) आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय (मुंबई).*

यंत्र आता येतंय, पण मराठी मुलखाचा या शोधाशी संबंध जुना आहे. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर या लहरींवर काम करत होते. तेव्हा असं कुठलंही यंत्र जगात चालू नव्हतं. धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये दाखवलं, की गोंगाटात बुडालेली लाट ओळखायची तर तिचे संभाव्य आकार आधी गणितानं काढून ठेवावे आणि प्रत्येक आकार नोंदींवरून सरकवत कुठे जुळतो ते पाहावं. असे किती आकार आणि किती अंतरानं घ्यावेत, याचा हिशोब त्यांनी मांडला. बंगळुरूच्या रामन संस्थेतल्या बाला अय्यर यांनी सहकाऱ्यांबरोबर त्या आकारांची गणितं सोडवली. आणि सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 मध्येच सांगून ठेवलं होतं, की हादरलेलं कृष्णविवर ठराविक सुरात घुमून शांत होतं. 2015 च्या नोंदीचा शेवट याच मुद्द्यावर तपासला गेला.

आणि इथले भूकंप?

जागा निवडताना देशभरातल्या अनेक ठिकाणांची तपासणी झाली. समुद्र दूर हवा, कारण लाटांचा मारा जमिनीतून शेकडो किलोमीटर जातो. मोठे कारखाने, वर्दळीचे महामार्ग, लोहमार्ग दूर हवेत. जमीन सपाट हवी आणि खाली पक्का खडक हवा. दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला, उद्योगांनी आजवर पाठ फिरवलेला हा भाग या कसोट्यांना उतरला. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, त्यातली शांतता इथे कामी आली. पण हे लिहिताना मागासलेपणाचं कौतुक करायचा माझा मुळीच हेतू नाही.

आता जिल्ह्यातल्या माणसाचा रास्त प्रश्न. 21 मार्च 2024 रोजी पहाटे आणि पुन्हा 10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज लोक गेली काही वर्षं ऐकत आहेत. मग ही जागा शांत कशी?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. यंत्राला रोज लागते ती चोवीस तासांची शांतता, म्हणजे सततच्या बारीक कंपाचा अभाव. अधूनमधून बसणारा धक्का ही वेगळी बाब आहे. धक्का बसला की आरसे हलतात, प्रकाशाचा मेळ तुटतो, काम थांबतं, मग सगळं पुन्हा जुळवावं लागतं. अमेरिकेतली यंत्रंही हजारो किलोमीटर दूरच्या मोठ्या भूकंपांनी अशी बंद पडतात आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतात. इमारती आणि टांगणी जवळचा धक्का सोसतील अशा बांधाव्या लागतात. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी आपण पाहिला आहे. या भागात कुठलंही बांधकाम करताना ते विसरून चालणार नाही. दुधाळ्याच्या आसपासच्या कंपांचा अभ्यास यंत्र सुरू झाल्यावरही चालूच ठेवावा लागेल, आणि त्या नोंदींचा उपयोग भूकंपाच्या अभ्यासकांनाही होईल.

माझी खरी काळजी भूकंपापेक्षा माणसाच्या गोंगाटाची आहे. प्रकल्प आला की रस्ते रुंद होतात, जमिनीचे भाव चढतात, हॉटेलं निघतात, त्यामागून खडी केंद्रं आणि दगडाच्या खाणी येतात. दगड फोडण्याचा एक स्फोट, अवजड डंपरची रोजची रांग, हे सगळं जमिनीतून आरशापर्यंत पोचतं. यंत्रापासून किती अंतरात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे नळ्या बसायच्या आत ठरायला हवं आणि गावागावांत मराठीत समजावून सांगायला हवं. ज्याच्या शेताशेजारी हे घडणार आहे, त्याला कारण पटलं तर तो स्वतः राखण करील. नुसता मनाईचा फलक लावला तर तो फलकच उद्या उखडला जाईल.

शेवटी पुसेगाव, सेनगाव, औंढा, वसमतच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना एक विनंती. 14 सप्टेंबर 2015 च्या लाटेची मूळ नोंद, आणि त्यानंतरच्या अनेक लाटांच्या नोंदी, लायगोनं सर्वांसाठी मोफत खुल्या ठेवल्या आहेत. साध्या संगणकावर त्या उतरवता येतात, आलेख काढता येतो, आवाजात रूपांतर करून ऐकताही येतात. यंत्र सुरू होईल तेव्हा आज आठवीत असलेली मुलं ते चालवायच्या वयाची झालेली असतील. त्यांना लेसर, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांतलं काहीतरी यायला लागेल, आणि त्याची सुरुवात या नोंदींपासून यंदाच्या वर्षीच करता येईल.